तिमाहीच्या व्याजावर चालणारे घर : ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे परीक्षण

केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माझे स्वतःचे खाते आहे, माझ्या मावशीच्या खात्याचा कारभारही मीच पाहते, आणि इंदूरच्या रामबागेत आमच्या ओळखीचे असे मराठी घर क्वचितच सापडेल, की ज्याच्या कपाटात या योजनेचे पासबुक नाही. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहूनही लांब. घरात दोघे, नाहीतर एकटेच कोणी. आणि दर तीन महिन्यांनी जमा होणाऱ्या व्याजातून दूध, औषधे, विजेचे बिल आणि कामवाल्या बाईचा पगार भागवायचा, हा इथल्या पुष्कळ घरांचा ठरून गेलेला क्रम आहे. ज्या ठेवीवर इतक्या घरांची चूल अवलंबून आहे, तिचे परीक्षण निदान एखाद्या नव्या फ्रिजच्या परीक्षणाइतक्या बारकाईने व्हावे, या विचाराने हे लिहीत आहे.

आधी योजनेचे स्वरूप थोडक्यात सांगते. ती २००४ साली सुरू झाली. वयाची ६० वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही पोस्टात किंवा अधिकृत बँकेत हे खाते उघडता येते. त्याआधी निवृत्त झालेल्यांना निवृत्तीच्या रकमेपुरती ५५व्या वर्षापासूनही मुभा आहे. किमान ठेव १,००० रुपये, तर कमाल मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली. मुदत पाच वर्षांची. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी या महिन्यांच्या पहिल्या तारखेला मिळते. एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला आणि त्यानंतर बराच काळ तो तिथेच राहिला. या दराने पूर्ण ३० लाखांवर वर्षाला २,४६,००० रुपये, म्हणजे तिमाहीला ६१,५०० आणि महिन्याच्या हिशेबाने २०,५०० रुपये हाती येतात.

योजनेचा सर्वांत मोठा गुण तिच्या साधेपणात आहे. ज्या दिवशी ठेव ठेवली त्या दिवशीचा दर पाचही वर्षे कायम राहतो, मुद्दलाला सरकारची हमी असते, आणि वाचायला लागणारा कागद म्हणजे पासबुकाचे एक पान. मावशीला मोबाइलवरचे संदेश वाचता येत नाहीत, पण पासबुकात छापून आलेली रक्कम ती चष्मा लावून, बोट ठेवून, मागच्या तिमाहीच्या रकमेशी ताडून पाहते आणि मगच पासबुक पिशवीत जाते. दोन्ही आकडे सारखे असले की तिच्या दृष्टीने व्यवहार पुरा झाला. म्युच्युअल फंडाच्या विवरणपत्राबद्दल असे म्हणता येणार नाही.

एवढी चांगली गोष्ट असूनही तिची जाहिरात कानावर का पडत नाही, याचे कारण सरळ आहे. डिसेंबर २०११ पासून या योजनेवरचे एजंटांचे कमिशन बंद झाले. ज्या मालावर विकणाऱ्याला काही सुटत नाही, तो गिऱ्हाइकाने स्वतःहून मागावा लागतो. आणि निवृत्तीचा चेक घेऊन खिडकीशी गेलेल्या माणसाला तिथे समजावून सांगितला जातो तो बहुधा कमिशन असलेला विमा. त्यामुळे या योजनेचे नाव तोंडपाठ करूनच घराबाहेर पडावे, हा माझा नवनिवृत्तांना पहिला सल्ला असतो.

आता उणी बाजू. दर पाच वर्षे कायम राहतो हे खरे. पण पाच वर्षांनंतर तो काय असेल, हे कोणाच्याच हातात नसते. मावशीने काकांचे दुकान विकून आलेले १५ लाख रुपये २०१५ मध्ये या योजनेत ठेवले, तेव्हा दर ९.३ टक्के होता आणि तिला महिन्याकाठी ११,६२५ रुपये पडत. २०२० मध्ये, नेमक्या महामारीच्या काळात, मुदत संपली आणि पुढच्या तीन वर्षांसाठी खाते वाढवले, ते ७.४ टक्क्यांनी. उत्पन्न महिन्याला ९,२५० रुपयांवर आले. २०२३ मध्ये नवे खाते उघडताना दर ८.२ टक्के मिळाला, म्हणजे १०,२५० रुपये. ज्या आठ वर्षांत तुरीच्या डाळीपासून रक्तदाबाच्या गोळीपर्यंत सगळ्याचे भाव चढले, त्या आठ वर्षांनंतर त्याच मुद्दलावरचे तिचे उत्पन्न नुसत्या आकड्यांतही पूर्वीपेक्षा कमी होते. महागाईचा हिशेब मग वेगळा मांडायची गरजच राहत नाही. तरीही मांडायचा झाला, तर महागाई वर्षाला ५ टक्के धरली असता आजच्या २०,५०० रुपयांची खरेदीची ताकद पाच वर्षांनी सुमारे १६,००० रुपयांइतकी उरते. सरकारी निवृत्तिवेतनाला महागाई भत्त्याची जोड असते. या व्याजाला नाही.

२०२० मध्ये उत्पन्न घटल्यावर मावशीने काय केले, हे मला अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. तिने दातांचे काम पुढे ढकलले, उन्हाळ्यात नाशिकला बहिणीकडे जाणे रद्द केले आणि आंब्याच्या पेट्या दोनावरून एकीवर आणल्या. व्याजदर उतरले की कर्जे स्वस्त होतात, लोक अधिक खर्च करतात आणि बाजाराला उठाव येतो, असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्या पस्तिशीच्या माणसाच्या घरी ते खरेही ठरते. व्याजावर जगणाऱ्या घरात मात्र नेमके उलट घडते : दर उतरला की हात आखडतो. देशात अशी घरे थोडी असतील तोवर हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. ती वाढली की व्याजदर कपातीच्या औषधाचा गुणही कमी येऊ लागतो. जपानमध्ये ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण आज २९ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेने २०१६ ते २०२४ या काळात शून्याखालचा व्याजदर राबवूनही बाजाराला अपेक्षेएवढा उठाव आला नाही, त्यामागच्या अनेक कारणांत हेही एक मानले जाते.

आपल्याकडे हा प्रश्न अजून दूर आहे असे समजण्याचे कारण नाही. २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक अहवालात २०५० साठी हा अंदाज ३४.७ कोटी, म्हणजे २० टक्क्यांहून अधिक सांगितला आहे. मध्य प्रदेश तुलनेने तरुण राज्य आहे, २०११ मध्ये इथले प्रमाण ७.९ टक्के होते, तर केरळमध्ये १२.६. परंतु राज्याच्या सरासरीत गल्लीचे चित्र दिसत नाही. ज्या घरांतून शिकून मुले बाहेर पडली, ती घरे आपल्या राज्याच्या कितीतरी आधी म्हातारी झाली. पिथमपूरच्या कारखान्यांत काम करायला तरुण इंदूरला येत आहेत, आणि रामबागेतले तरुण बाहेर जात आहेत. एकाच शहरात या दोन्ही गोष्टी घडतात.

या ठेवीवर बाजारापेक्षा जास्त व्याज सरकार कुठून देते, हा प्रश्न परीक्षणात टाळता येणार नाही. खात्यांतला पैसा राष्ट्रीय अल्पबचत निधीत जमा होतो आणि त्यातून सरकार कर्ज घेते. २०१६ पासून बहुतेक राज्ये या निधीतून नवे कर्ज घेण्याच्या व्यवस्थेतून बाहेर पडली. अरुणाचल प्रदेश, दिल्ली, केरळ आणि मध्य प्रदेश यांनी ती चालू ठेवली. म्हणजे इंदूरच्या आजोबांनी ठेवलेल्या पैशाचा काही भाग भोपाळच्या सरकारला कर्जाऊ जाण्याची सोय आहे, आणि त्या कर्जाची फेड पुढे आजच्या कमावत्या पिढीच्या करांतूनच व्हायची आहे. व्याजदर कसा ठरवावा याचे सूत्र श्यामला गोपीनाथ समितीने २०११ मध्ये सुचवले : तुल्य मुदतीच्या सरकारी रोख्यांवर जे व्याज असेल, त्याहून ज्येष्ठांच्या योजनेला एक टक्का अधिक. २०१६ पासून दराचा आढावा दर तिमाहीला घेतला जातो, तरी सूत्र तंतोतंत पाळलेच जाते असे नाही. रोख्यांचे व्याज उतरल्यावरही ज्येष्ठांचा दर तिथेच ठेवलेला आपण पाहिला आहे. मतदान करायला कोण नेमाने जाते, हे सरकारलाही ठाऊक असते.

हा वरचा एक टक्का म्हणजे म्हातारपणासाठी दिलेले अनुदानच होय, आणि त्याला माझा विरोध नाही. मात्र ते कोणाला मिळते ते पाहावे. ज्याच्याजवळ ३० लाख आहेत, त्याच्या वाट्याला या एका टक्क्याचे वर्षाला ३०,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,५०० रुपये येतात. ज्याच्याजवळ काहीच नाही, अशा दारिद्र्यरेषेखालच्या ६० ते ७९ वर्षांच्या माणसाला इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राकडून महिन्याला २०० रुपये मिळतात, ऐंशीपुढे ५००. राज्य त्यात आपली भर घालते, तरी दोन्हींतले अंतर मिटत नाही. या दोघांच्या मध्ये आहेत खासगी नोकरीतून निवृत्त झालेले, ज्यांच्या कर्मचारी निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे.

योजनेचे दार उघडण्यासाठी हातात गठ्ठ्याने पैसे असावे लागतात, आणि तेही वेळेवर. इंदूरला हे समजावून सांगायला हुकुमचंद मिलचे उदाहरण पुरे. मिल बंद पडल्यानंतर कामगारांची थकलेली रक्कम मार्गी लागायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्त झाला. सरासरी काढली तर माणशी पावणेपाच लाखही पुरते होत नाहीत. ते सगळेच्या सगळे या योजनेत ठेवले, मुलीचे लग्न, घराचे छप्पर आणि सावकार यांपैकी कशालाही त्यातला रुपया लागला नाही असे धरले, तरी महिन्याला तीन हजारांहून थोडे अधिक सुटतात. आणि त्या रकमेची वाट पाहता पाहता कित्येक कामगार गेलेही होते.

ज्यांच्याजवळ पैसा आहे, त्यांनाही ही योजना कुठवर पुरते? माझ्या मते साधारण पंचाहत्तरीपर्यंत. माणूस हिंडता-फिरता असेल, घर स्वतःचे असेल आणि आजार गोळ्यांवर भागणारा असेल, तोवर तिमाहीचे व्याज आणि थोडीशी शिल्लक यांवर घर नीट चालते. त्यानंतर खर्चाचे स्वरूपच बदलते. मावशीच्या मांडीचे हाड मोडले तेव्हा शस्त्रक्रियेचा खर्च कसाबसा निभावला. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले असल्याने रुग्णालयाच्या बिलाची धास्ती आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. खरा खर्च घरी आल्यानंतर सुरू झाला. दिवसपाळीच्या बाईचे महिन्याला चौदा हजार रुपये, म्हणजे तिच्या सगळ्या व्याजाहून अधिक. अशा बायका पुरवणाऱ्या ब्युरोवाल्याने दिलेल्या कागदावर कामाचा तपशील लिहिलेला होता : अंघोळ, कपडे बदलणे, औषधे, चालवून आणणे, आणि खाली ठळक अक्षरांत, स्वयंपाक नाही, धुणे नाही, महिन्याला चार सुट्ट्या. हा खर्च ना विम्यात बसतो, ना आयुष्मानच्या कार्डात. तो सरळ मुद्दलाच्या अंगावर येतो.

ही बाई खरगोनकडची, स्वतः पन्नाशीला आलेली. तिला निवृत्तिवेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आणि ब्युरोचा वाटा वजा जाता हाती जे उरते त्यातून ती गावाकडे पैसे पाठवते. म्हाताऱ्यांची संख्या वाढली की नवे रोजगार निर्माण होतात असे जे म्हटले जाते, ते रोजगार प्रामुख्याने अशा स्वरूपाचे आहेत. दहा वर्षांनी ती साठीला येईल तेव्हा या योजनेचे दार तिच्यासाठीही उघडेच असेल, किमान १,००० रुपयांचे.

मुद्दल मोडायची वेळ आली, तर नियम काय ते माहीत असावे. दुसऱ्या वर्षी खाते बंद केल्यास ठेवीच्या दीड टक्का, आणि दोन वर्षांनंतर एक टक्का रक्कम कापली जाते. या ठेवीवर कर्ज काढता येत नाही, म्हणून माझे मत असे, की सर्व रक्कम एकाच खात्यात न ठेवता दोन-तीन खात्यांत, वेगवेगळ्या वर्षी मुदत संपेल अशी विभागून ठेवावी. एकूण मर्यादेच्या आत कितीही खाती चालतात. गरज पडली तर एकच मोडते, आणि सगळी रक्कम एकाच वाईट वर्षी नव्या दराच्या तडाख्यात सापडत नाही. व्याज वेळेवर काढून घ्यावे, कारण न काढलेल्या व्याजावर या योजनेत पुढे व्याज चढत नाही. कराच्या बाबतीत, वर्षाचे व्याज एक लाखाच्या वर गेले तर टीडीएस कापला जातो (एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ५० हजारांची होती). ज्यांना कर लागतच नाही त्यांनी टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा अर्ज (वर्षानुवर्षे १५ एच नावाने ओळखला गेलेला) आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावा, नाहीतर कापलेले पैसे परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरत बसावे लागते.

पती-पत्नींच्या बाबतीतला एक नियम फार थोड्यांना ठाऊक असतो. संयुक्त खाते फक्त पती-पत्नींचेच होऊ शकते, आणि त्यातली सारी ठेव पहिल्या खातेदाराची मानली जाते. त्याच्या मृत्यूनंतर जोडीदार तेच खाते त्याच दराने मुदतीपर्यंत चालू ठेवू शकतो. पण जोडीदाराचे स्वतःचे वेगळे खाते आधीच असेल, तर ही सवलत मिळत नाही. मग मृत खातेदाराचे खाते बंद करावे लागते, आणि मृत्यूच्या दिवसापासून खाते बंद होईपर्यंत त्यावर साध्या बचत खात्याचे व्याज मिळते. आपल्या समाजात पुरुष वयाने मोठा असतो आणि बहुधा आधी जातो. म्हणून हा नियम व्यवहारात विधवांवरच येऊन आदळतो. दोघांची मिळून रक्कम ३० लाखांच्या आत असेल तर एकच संयुक्त खाते ठेवणे शहाणपणाचे आहे, असे मी ओळखीतल्या सर्वांना सांगते. रक्कम त्याहून अधिक असेल तर दोन खाती ठेवावीच लागतात; पण मग ती कशी बंद करायची, कोणते कागद लागतील, हे काकूंना आधी सांगून ठेवावे. आमच्याकडे अजूनही बऱ्याच घरांत पासबुक काकांच्या कपाटात आणि किल्ली काकांच्या जानव्याला असते.

योजनेत दोन सुधारणा व्हाव्यात असे मला वाटते. पहिली, ऐंशी वर्षांवरील खातेदारांसाठी दर महागाईशी जोडावा, निदान मुदतवाढीच्या वेळी तरी. कारण त्या वयात कमाईचा दुसरा मार्ग उरत नाही आणि खर्च सर्वांत वेगाने वाढतो. त्यासाठी लागणारा पैसा ३० लाखांच्या मर्यादेतल्या वरच्या टप्प्यावर दर थोडा कमी ठेवून उभा करता येईल. पाच लाखांच्या ठेवीला आणि तीस लाखांच्या ठेवीला एकाच दराने अनुदान देण्यामागचे तर्कशास्त्र मला कधी उमगलेले नाही. दुसरी, व्याज महिन्याला घेण्याचा पर्याय द्यावा. दूधवाला, औषधवाला आणि बाई या तिघांनाही तिमाहीचा हिशेब चालत नाही, त्यामुळे तिमाहीच्या तिसऱ्या महिन्यात पुष्कळ घरांत उसनवार होते.

घर हीच ज्यांची मोठी मालमत्ता आहे, त्यांना योजनेचा उपयोग मर्यादितच. रामबागेत जुन्या वाड्याची जागा आज भल्या किमतीची असते, पण त्या वाड्यात राहणाऱ्या आजींना फिजिओथेरपीचे पैसे जुळवता येत नाहीत. घर गहाण ठेवून दरमहा रक्कम घेण्याची उलट गहाणखताची योजना २००७ पासून उपलब्ध आहे, तरी ती कोणी घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही; घरावर मुलांचा हक्क आहे ही समजूत कायद्याहून बळकट असते. असे वाडे विकून लहान फ्लॅटमध्ये जाणारे आणि उरलेली रक्कम या योजनेत ठेवणारे जोडपे अलीकडे दिसू लागले आहे, आणि व्यवहार म्हणून मला तो मार्ग पटतो.

ज्यांचे खाते आधीपासून आहे त्यांनी पासबुकावरची मुदत संपण्याची तारीख आजच पाहून घ्यावी. मुदत संपल्यावर खाते आपोआप पुढे चालू राहत नाही. तीन वर्षांच्या वाढीसाठी एका वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो, आणि नोव्हेंबर २०२३ पासून अशी वाढ एकदाच नव्हे, तर पुन्हा पुन्हा घेता येते. वाढीव काळासाठी दर मात्र मुदत संपल्या दिवशीचा लागतो. त्या दिवशी नव्या खात्याचा दर आणि वाढीचा दर सारखाच असतो; पण नव्या खात्यात तो पाच वर्षांसाठी बांधून मिळतो, वाढीत तीनच वर्षांसाठी. दर चढा असेल तर खाते बंद करून नवे उघडावे, दर उतरलेला असेल तर तीन वर्षांची वाढ घ्यावी.